मिलच्या घरातली शाळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, असे ठरवलेली तीन-चार कुटुंबे आता माझ्या परिचयाची झाली आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असे कोणी केले असते, तर त्या घरात काहीतरी बिनसले आहे असेच शेजारपाजारच्यांनी धरले असते. आता तसे राहिलेले नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत सगळ्यांचीच शाळा घरात आली आणि काहींनी ती पुन्हा घराबाहेर जाऊच दिली नाही. माझी उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे ही तरुण मंडळी माझ्याकडे येतात ती जरा दबकतच. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. पुस्तके कोणत्या मंडळाची घ्यावीत? दहावीचे काय करायचे? दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत, रोजच्या शाळेत न जाता दहावीची परीक्षा देता येते. पहिल्याचे उत्तर त्याहून सोपे. कोणतीही घ्या, फार फरक पडत नाही. खरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. रोज त्या मुलाशेजारी बसणार कोण, किती तास, आणि तिथून उठल्यावर त्या माणसात आई किंवा बाप म्हणून शिल्लक किती राहणार?

याचे तयार उत्तर माझ्याजवळ नाही. पण एका माणसाची गोष्ट मी या पालकांना आवर्जून सांगतो. तो माणूस म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल.

हे नाव मराठी वाचकाला परके नाही. आगरकरांच्या पिढीने कॉलेजात असताना मिल आणि स्पेन्सर वाचले, आणि बुद्धीला पटेल तेच मानायचे हा जो बाणा त्यांनी इथे रुजवला, त्यात मिलच्या ग्रंथांचा वाटा मोठा आहे. व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्याचा १८५९ चा ग्रंथ आणि स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचा १८६९ चा ग्रंथ ही आजही वाचली जाणारी पुस्तके आहेत. हा एवढा विद्वान माणूस लहानपणी शाळेची पायरी कधी चढला नाही आणि त्याने विद्यापीठाची पदवीही घेतली नाही. त्याची शाळा म्हणजे त्याच्या वडिलांचे लिहिण्याचे टेबल.

वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधल्या एका जोडे शिवणाऱ्याचे चिरंजीव. हुशारीच्या बळावर शिकले, धर्मोपदेशकाचा परवाना मिळवला, पण त्या मार्गात मन रमेना म्हणून १८०२ साली लंडनला आले आणि लेखणीवर पोट भरू लागले. २० मे १८०६ रोजी जॉनचा जन्म झाला. त्याच वर्षी वडिलांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला. तो पुरा होऊन १८१७ साली छापला गेला. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता आणि इथली एकही भाषा न शिकता लिहिलेला हा इतिहास कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे प्रमाण वाटत राहिला, आणि आपल्याबद्दलच्या कितीतरी गैरसमजांचे मूळ त्यात आहे. तो विषय वेगळा. आपल्याला बघायचे आहे ते एवढेच, की या अकरा वर्षांत घरात मुले होत होती (पुढे ती एकूण नऊ झाली), ठराविक पगार नव्हता, नियतकालिकांत लिहून येईल त्यावर संसार चालला होता, आणि या सगळ्यात बापाने थोरल्या मुलाला स्वतः शिकवायचे ठरवले होते.

जॉनचे ग्रीक तिसऱ्या वर्षी सुरू झाले. वडिलांनी चिठ्ठ्यांवर ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहून दिले, ते पाठ करायचे. मग थेट इसापनीती मूळ ग्रीकमधून. सातव्या वर्षापर्यंत स्वारी प्लेटोच्या संवादांपर्यंत पोचली होती. हे वाचून पालकांचे डोळे विस्फारतात. मी त्यांना म्हणतो, ग्रीक सोडून द्या, त्या टेबलाकडे बघा. ग्रीकचा इंग्रजी अर्थ देणारा शब्दकोश त्या काळी नव्हता. जो होता तो लॅटिनमध्ये अर्थ सांगणारा, आणि लॅटिन तर जॉनला अजून येत नव्हते. म्हणजे अडलेला प्रत्येक शब्द वडिलांना विचारणे आले. बाप टेबलाच्या एका बाजूला हिंदुस्थानचा इतिहास लिहितो आहे, दुसऱ्या बाजूला पोरगे बसले आहे आणि दर दोन मिनिटांनी एक शब्द विचारते आहे. जेम्स मिल स्वभावाने अतिशय तापट. तरीही हा व्यत्यय त्यांनी वर्षानुवर्षे सोसला आणि त्यातच इतिहासाचे खंड पुरे केले. मुलाला पुढे आयुष्यभर त्याचे नवल वाटत राहिले.

घरून काम करता करता मुलाला शिकवू, असे आजचे आईबाप सहज बोलून जातात. ते होतही असेल. फक्त प्रत्येक शब्दाला मान वर करावी लागते, हे आधी माहीत असलेले बरे.

सगळेच शिक्षण टेबलावर होत होते असे मात्र नाही, आणि मला विचाराल तर त्यातला उत्तम भाग टेबलाबाहेरचाच होता. १८१० ते १८१३ या काळात हे कुटुंब लंडनच्या उत्तरेला न्यूइंग्टन ग्रीन येथे राहत होते. प्रकृतीसाठी वडिलांना चालणे आवश्यक होते, म्हणून सकाळी न्याहारीपूर्वी ते जॉनला घेऊन आसपासच्या हिरव्या गल्ल्यांतून फिरायला निघत. आदल्या दिवशी वाचलेले जॉनने त्या वेळी सांगायचे. वाचताना तो कागदाच्या तुकड्यांवर टिपणे करून ठेवी आणि त्यांच्या आधारे चालता चालता गोष्ट सांगे. बहुतेक पुस्तके इतिहासाची. लढाया, वेढे, राजे. ही सक्ती नव्हती, मुलगाच आपण होऊन टिपणे काढी. मधूनमधून वडील राज्यकारभार, नीती, सुधारणा यांबद्दल समजावत आणि नंतर ते जॉनकडून त्याच्या शब्दांत वदवून घेत. लहान मुलांची पुस्तके घरात जवळजवळ नव्हतीच. रॉबिन्सन क्रूसो तेवढा जॉनच्या मालकीचा होता, आणि अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी वडिलांनी कोणाकडून तरी मागून आणून दिल्या होत्या. संध्याकाळी मात्र गणित. ते जॉनला मुळीच आवडत नसे. कितीही थोर माणसाचे चरित्र वाचा, संध्याकाळचे गणित सगळ्यांना सारखेच.

तेराव्या वर्षी हीच फिरण्याची पद्धत अर्थशास्त्रासाठी वापरली गेली. वडील चालताना एकेक भाग समजावून सांगत. दुसऱ्या दिवशी जॉनने तो लिहून आणायचा. स्पष्ट, अचूक आणि पुरा होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा लिहावा लागे. या टिपणांचा उपयोग करून जेम्स मिल यांनी १८२१ साली अर्थशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. वडिलांचा एक नियम तर मला प्रत्येक शिक्षकाच्या मेजावर लिहून ठेवावासा वाटतो. विचार करून जे सापडण्यासारखे आहे ते, मुलाने आपली सगळी शक्ती लावून पाहिल्याशिवाय, त्याला सांगायचे नाही. इतकी वर्षे वर्गात उभे राहून मला हे क्वचितच जमले, कारण समोर पन्नास मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. घरच्या शिक्षणाची खरी श्रीमंती असेल तर ती इथे आहे.

आता दुसरी बाजू. आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले आणि त्याबरोबर एक नोकरीही लागली. शिकलेले लॅटिन धाकट्या बहिणीला शिकवायचे. मग तिच्या पाठची आली, मग आणखी भावंडे. स्वतःचा धडा आणि भावंडांचे धडे, दोहोंची जबाबदारी जॉनवर. वडिलांना उसंत मिळावी म्हणून केलेली ही सोय होती, आणि एकापेक्षा अधिक मुलांना घरी शिकवणाऱ्या घरात ती आपोआप होतेच. दुसऱ्याला शिकवल्यामुळे आपले पक्के होते, हा लाभ मिलने पुढे कबूल केला. पण त्याचा निकाल या पद्धतीच्या विरुद्धच गेला. मुलांनी मुलांना शिकवणे फारसे परिणामकारक होत नाही आणि भावंडांत गुरुशिष्याचे नाते आले की ते दोघांनाही मानवत नाही, असे त्याचे मत झाले. १८१७ साली हे कुटुंब जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाच्या ग्रामीण भागातल्या प्रशस्त घरी मुक्कामाला असताना फ्रान्सिस प्लेस नावाचे एक स्नेही तिथे पाहुणे होते. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रात एका दिवसाची हकिगत आहे. दोघी बहिणींना सकाळचा धडा नीट आला नाही. दुपारी एकचे जेवण परत पाठवण्यात आले आणि सहा वाजेपर्यंत मुलींना पुस्तकापुढे बसवले. त्यांच्याबरोबर जॉनलाही उपाशी बसावे लागले, कारण त्यांना येत नसताना त्याने त्यांना पास केले होते. चूक, प्लेस सांगतात, एका शब्दाची होती.

जेम्स मिल दुष्ट होते, असे कृपा करून कोणी समजू नये. स्वतःच्या कामातला रोजचा मोठा भाग मुलांच्या शिक्षणाला देणारा बाप आजही दुर्मीळच. पण शिकवण्यातला त्यांचा एक दोष मी अनेक हुशार माणसांत पाहिला आहे. जे आपल्याला सहज येते ते समोरच्याला का येत नाही, हे त्यांना उमजत नसे. जॉनने मोठ्याने वाचताना स्वर चुकवला की ते भडकत, पण ते वाक्य असे वाच म्हणून स्वतः वाचून कधी दाखवत नसत. एकदा बोलण्याच्या ओघात जॉन म्हणून गेला की अमुक गोष्ट सिद्धांतात खरी असली तरी व्यवहारात बदलावी लागते. झाले. सिद्धांत म्हणजे काय, याची व्याख्या कर! तेरा वर्षांच्या पोराला ती येईना आणि बापाचा राग आवरेना. शाळेत मास्तर रागावला तर मूल घरी येऊन आईच्या मागे लपते. या मुलाला लपायला घर कुठले?

सुट्टी नव्हती. कामाची सवय मोडेल आणि आळसाची गोडी लागेल, ही धास्ती. इतर मुलांत मिसळू देणेही नव्हते. त्यांच्या संगतीने मुलगा बिघडेल, ही दुसरी धास्ती. परिणामी खेळ नाहीत, मारामारी नाही, झाडावर चढणे नाही. हातांनी करायच्या कामांत जॉन अगदी ढ राहिला. इतर मुलांपेक्षा कितीतरी उशिरा तो स्वतःचे कपडे स्वतः घालू लागला आणि दोरीला गाठ मारायला शिकण्यात त्याची बरीच वर्षे गेली. प्लेटो वाचणाऱ्या मुलाला गाठ मारता येत नव्हती. त्यावरूनही वडील बोलत, पण गाठ कशी मारायची हे शिकवण्याला त्यांच्या वेळापत्रकात जागा नव्हती.

आणि आई? हॅरिएट मिलबाई या सबंध कथेत कुठे दिसत नाहीत. मिलच्या आत्मचरित्रात वडिलांवर पानेच्या पाने आहेत, आईबद्दल जवळजवळ अक्षर नाही. पहिल्या खर्ड्यात काही मजकूर होता. तो तिच्यावर कठोर होता, आणि मिलने तो छापण्यापूर्वी काढून टाकला. स्त्रियांच्या हक्कांसाठी इतके लिहिणाऱ्या माणसाला आईला न्याय देता आला नाही, हे मला नेहमी खटकते. नऊ बाळंतपणे, बेभरवशाच्या मिळकतीवरचा संसार आणि नवऱ्याची जरब, यातून त्या बाईने मुलांना माया करायला वेळ काढायचा तरी कसा? आज माझ्या माहितीतल्या घरांत टेबलाशी बसते ती बहुतेक वेळा आई, आणि बाप संध्याकाळी येऊन प्रगती विचारतो. जागा बदलल्या आहेत, अडचण तीच आहे. दोघांपैकी एकाने तरी परीक्षक होऊ नये, एवढे मी त्यांना सांगतो.

१८२० साली चौदाव्या वर्षी जॉनला फ्रान्सला पाठवायचे ठरले. निघण्यापूर्वी हाइड पार्कमध्ये फिरताना वडिलांनी त्याला प्रथमच सांगितले, की तुझ्या वयाच्या मुलांना येत नाही असे पुष्कळ तुला येते. मात्र त्यात तुझी काही थोरवी नाही. शिकवू शकणारा आणि वेळ देणारा बाप मिळाला, हे तुझे नशीब. जॉनला हे खरोखरच ठाऊक नव्हते! तुलनेला दुसरे मूल नसल्यामुळे आपण मागासलेलेच आहोत अशी त्याची समजूत होती. मुलाला अहंकाराची बाधा होऊ नये, ही वडिलांची काळजी साधली. पण तुलना बापाशीच करायची असेल तर मूल कायम नापास, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

फ्रान्सचे वर्ष मात्र सुखाचे गेले. जेरेमी बेंथमचे बंधू सर सॅम्युएल यांच्या कुटुंबाबरोबर तो दक्षिणेत राहिला. फ्रेंच शिकला, पिरेनीज पर्वत पाहिला, माँपेलिये येथे रसायन आणि प्राणिशास्त्रावरची व्याख्याने ऐकली. आयुष्यातला त्याचा हा पहिला वर्ग. तलवारबाजी, घोड्यावर बसणे आणि नाच यांचेही धडे झाले. त्यात त्याची डाळ शिजली नाही. त्या घरातल्या जॉर्जने, जो पुढे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, त्याला झाडेझुडपे गोळा करण्याचा नाद लावला.

परत आल्यावर १८२३ साली, सतरावे वर्ष पुरे होताच, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत तो नोकरीला लागला. तिथे त्याचे वरिष्ठ कोण? जेम्स मिल. इतिहासग्रंथामुळे त्यांना १८१९ मध्ये तिथेच नोकरी मिळाली होती. बाप, मास्तर आणि आता साहेबही एकच. राहणेही त्याच घरात.

आणि मग १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो कोसळला. वय वीस. ज्या सुधारणांसाठी आपल्याला घडवले त्या सगळ्या या क्षणी प्रत्यक्षात आल्या तर आपण सुखी होऊ का, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि आतून नकार आला. कचेरीतले काम तो सवयीने करीत राहिला. पुस्तकांत रस उरला नाही, माणसांत उरला नाही. वरून कोणाला काही कळले नाही. अशा वेळी माणूस कोणाकडे जातो? एरवी प्रत्येक अडचणीत वडिलांकडे जाणाऱ्या या मुलाला वाटले, की हे ज्याला सांगता येणार नाही असा माणूस म्हणजे आपले वडीलच. ज्या शिक्षणाने हे झाले ते त्यांनीच दिलेले. ते फसले, हे सांगून त्यांना दुःख कशाला द्यायचे? त्याचा काही इलाज त्यांच्या हाती असेल असेही त्याला वाटेना. मिलच्या साऱ्या चरित्रात मी थांबतो ती ही जागा. घरीच शिकवायचे ठरवणाऱ्या आईबापांनीही इथे थोडे थांबावे, असे मला वाटते. तिसऱ्या वर्षापासून सतत शेजारी बसलेला बाप, आणि विसाव्या वर्षी त्याच्याशीच बोलता येत नाही.

महिनोन्महिने असे गेले. मग मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, वडील वारल्यावर पोरसवदा मुलगा घराला धीर देतो तो प्रसंग आला आणि मिलला रडू फुटले. आपण दगड झालेलो नाही, हे त्याला कळले. बापाच्या मृत्यूचाच प्रसंग का, यावरून पंडितांनी बरेच तर्क लढवले आहेत. त्यात मी शिरत नाही. दोन वर्षांनी वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती आल्या आणि त्यांनी उरलेले काम केले. तर्काला धार लावताना भावनेचे रोप पाणी न मिळता सुकते, हे त्याने या अनुभवातून ओळखले आणि पुढच्या लिखाणात ते विसरला नाही.

नवल असे, की एवढे सोसूनही मिलने आपल्या शिक्षणाला नावे ठेवली नाहीत. समवयस्कांच्या पुढे पाव शतकाची चाल मिळाली, असा हिशेब त्याने मांडला. आपली बुद्धी बेताचीच, सामान्य कुवतीच्या कोणत्याही निरोगी मुलाला हे जमेल, असेही त्याचे म्हणणे. हे मला पटत नाही. त्याच घरात, त्याच पद्धतीने आणखी आठ मुले शिकली. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

१८५९ च्या ग्रंथात त्याने शिक्षणाबद्दल मांडलेली योजना घरी शिकवणाऱ्यांना आजही आपलीशी वाटेल. प्रत्येक मुलाला शिकवलेच पाहिजे आणि तशी सक्ती सरकारने पालकांवर करावी, पण सगळे शिक्षण सरकारने आपल्या हाती घेऊ नये. ठराविक वयात मुलाला वाचता येते की नाही याची परीक्षा घ्यावी. येत नसेल आणि सबळ कारणही नसेल, तर बापाला माफक दंड करावा. गरिबांना फीसाठी मदत द्यावी. मूल कुठे आणि कोणाकडून शिकले ही चौकशी नको. दंड बापाला, मुलाला नाही, हे मला विशेष आवडते. दुपारचे जेवण त्याला आठवले असेल काय, कोण जाणे.

जेम्स मिल १८३६ साली वारले. जॉनची पत्नी हॅरिएट टेलर, जिच्याशी वीस वर्षांच्या स्नेहानंतर त्याने १८५१ मध्ये लग्न केले, १८५८ साली फ्रान्समध्ये अव्हिन्यो येथे गेली. तिच्या थडग्याजवळ घर घेऊन तो वर्षातले बरेच महिने तिथे राहू लागला. मधली तीन वर्षे, १८६५ ते १८६८, पार्लमेंटचा सभासद होता आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून तिथे भांडला. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, राजकारण हे सगळे विषय वडिलांच्या टेबलावरून आलेले. फक्त चौदाव्या वर्षी फ्रान्समध्ये लागलेला झाडापानांचा नाद त्याचा स्वतःचा होता. तो अखेरपर्यंत सुटला नाही. अव्हिन्योला त्याला जोडीदारही तसाच भेटला, कीटकांच्या अभ्यासामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला झां आंरी फाब्र. ३ मे १८७३ रोजी, शनिवारी, सहासष्ट वर्षांचा मिल फाब्रबरोबर वनस्पती शोधत पंधरा मैल हिंडला. घरी आल्यावर त्याला ताप भरला. ७ मे रोजी तो गेला. त्याने वाळवून, चिकटवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह नंतर लंडनच्या क्यू उद्यानाकडे देण्यात आला.